वर्गणी दिसते, भाडे दिसत नाही

दुकानात शिरण्यासाठी पैसे मोजावे लागतात, ही कल्पना आपल्या मनाला सहजी पटत नाही. वाचनालयाची वर्गणी आपण आनंदाने भरतो, कारण तिच्या बदल्यात पुस्तक घरी येते. पण वाण्याच्या दुकानाची पायरी चढण्यासाठी वर्षाकाठी रक्कम द्यायची आणि वर मालाचे पैसे निराळे द्यायचे, असे कोणी सांगितले तर आपण त्याला वेड्यात काढू. आता मात्र शहरातल्या कितीतरी घरांत अशी वर्गणी बिनबोभाट भरली जाते. मोबाइलवरून किराणा मागवणाऱ्या कंपन्यांचे 'पास' आणि 'सदस्यत्व' म्हणजे दुसरे काय? प्रशासनात काम करणाऱ्याने या गोष्टीकडे केवळ ग्राहक म्हणून पाहून चालणार नाही, असे मला वाटते. वर्गणी आणि दुकानाची जागा या दोन गोष्टी मिळून भाव कसा ठरवतात, हा प्रश्न शेवटी आपल्याच टेबलावर येतो. तो किंमत नियंत्रणाच्या नस्तीतून न येता नगररचनेच्या नस्तीतून येतो, म्हणून ओळखू येत नाही इतकेच.

या प्रकाराचा उगम सरकारी नोकरांशी निगडित आहे, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. सोल प्राइस नावाच्या वकिलाने १९५४ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगो येथे 'फेडमार्ट' काढले. नावातला 'फेड' हा फेडरल म्हणजे केंद्र सरकारचा, कारण हे दुकान सुरुवातीला सरकारी कर्मचाऱ्यांपुरते होते आणि सभासदत्वाचे शुल्क होते दोन डॉलर. याच गृहस्थाने १९७६ मध्ये त्याच शहरात विमानाच्या एका जुन्या हँगरमध्ये 'प्राइस क्लब' सुरू केला. तो आधी छोट्या व्यावसायिकांसाठी होता आणि वर्गणी होती वर्षाला पंचवीस डॉलर. १९९३ मध्ये प्राइस क्लब कॉस्टको या कंपनीत विलीन झाला. आज कॉस्टकोची ख्याती अशी, की कोणत्याही वस्तूवर साधारण चौदा-पंधरा टक्क्यांहून जास्त वाढ करायची नाही, हा तिचा स्वतःला घालून घेतलेला नियम आहे. २०२४ या आर्थिक वर्षात तिला वर्गणीतून सुमारे ४८० कोटी डॉलर मिळाले. एकूण विक्रीच्या मानाने हा आकडा दोन टक्क्यांच्या आसपास, पण व्यवसायातून झालेल्या नफ्याच्या तुलनेत तो निम्म्याहून अधिक भरतो.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. साध्या दुकानदाराचे पोट मालावरच्या नफ्यावर भरते, म्हणून भाव चढा ठेवण्यात त्याचे हित असते. वर्गणीवर जगणाऱ्याचे हित मात्र पुढच्या वर्षी तोच सभासद पुन्हा वर्गणी भरेल यात असते, आणि तो भरेल केव्हा, तर वर्षभरात आपली बचत वर्गणीहून जास्त झाली असे त्याला वाटले तरच. म्हणजे इथे दुकानदार एका अर्थी ग्राहकाचा खरेदी-मुखत्यार होतो. ही रचना सुंदर आहे यात शंका नाही. पण ती एका गोष्टीवर उभी आहे, ती म्हणजे सभासदाला सोडून जाता आले पाहिजे. जायला दुसरे दुकानच नसेल तर त्याच वर्गणीचा जकातनाका होतो.

आणि सोडून जाणे म्हणजे काय? ते अंतरात मोजायचे असते. समजा, एका घराचा महिन्याचा बाजार दहा हजार रुपयांचा आहे. शहराबाहेरच्या वर्गणीच्या दुकानात चार टक्के स्वस्त मिळते, म्हणजे वर्षाला ४,८०० रुपये वाचतात. वर्गणी एक हजार धरली तर ३,८०० उरले. आता महिन्यातून दोन खेपा आणि प्रत्येक खेपेला रिक्षाचे जाऊन-येऊन दोनशे रुपये धरा. वर्षाचे ४,८०० झाले. बचत संपली आणि पदरचे हजार गेले. ज्याच्याकडे मोटार आहे, घरात मोठा फ्रीज आहे आणि महिन्याचा माल एकदम भरण्याइतके पैसे हाताशी आहेत, त्यालाच ही वर्गणी फळते. रोजंदारीवरची बाई रोज पाव किलो डाळ घेते. तिला ती कधीच परवडत नाही, आणि तिच्या गल्लीतला दुकानदार तिला जो भाव लावतो त्यात त्याच्या जागेचा मोबदलाही असतो. कॉस्टकोची वर्गणी कार्डावर छापलेली असते. या बाईची वर्गणी डाळीच्या भावात मिसळलेली असते, म्हणून ती कोणाला दिसत नाही.

बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये माझी भाची राहते. गेल्या काही वर्षांत तिच्याकडे अनेकदा राहण्याचा योग आला आणि सवयीप्रमाणे माझे लक्ष भावांकडे गेले. व्हाइटफील्ड ही मुळात १८८२ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर वसलेली अँग्लो-इंडियन लोकांची शेतीवाडीची वसाहत. शंभर वर्षे ती शांत होती. नव्वदच्या दशकात तिथे इंटरनॅशनल टेक पार्क आले, आजूबाजूला निर्यात उद्योगांची वसाहत आली आणि पाहता पाहता हजार-हजार सदनिकांची संकुले उभी राहिली. भाचीचे संकुल त्यांपैकीच एक. चारी बाजूंनी भिंत, एक मोठे फाटक, आत बाग, तलाव, व्यायामशाळा आणि किराणा-भाजीचे एक दुकान. एकच.

मी भाचीला विचारले, "कोथिंबिरीला एवढे पैसे देतेस?" ती म्हणाली, "मामा, फाटकाबाहेर जायचं तर गाडी काढायची, त्या रस्त्यावर अर्धा तास जायचा. घासाघीस करायची तरी कोणाशी?" पाकीटबंद वस्तू त्या दुकानात छापील किमतीला, एक पैसाही कमी नाही. भाजी बाहेरच्या हातगाडीपेक्षा दीडपट. दुकानदाराशी बोललो तेव्हा त्याने भाडे सांगितले. रहिवाशांच्या संघाने गाळा बोली लावून दिला होता आणि सर्वांत चढी बोली याची होती. मिळालेल्या भाड्यातून संघ देखभालीचा खर्च थोडा हलका करतो. म्हणजे रहिवासी एका खिशातून देखभाल शुल्क वाचवतात आणि दुसऱ्या खिशातून कोथिंबिरीत भरतात! फरक एवढाच, की देखभालीत सर्वांचा वाटा सदनिकेच्या आकाराप्रमाणे असतो आणि कोथिंबिरीत मात्र ज्याच्याकडे गाडी नाही, ज्या म्हाताऱ्यांना बाहेर जाता येत नाही, त्यांचा जास्त.

"भाडे परवडत नाही म्हणून भाव जास्त" हे वाक्य मी नोकरीत शेकडो दुकानदारांकडून ऐकले आहे. ते खरे वाटते, पण उलटे आहे. डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाने १८१७ मध्येच दाखवून दिले होते, की जमिनीचा खंड जास्त आहे म्हणून धान्य महाग होत नाही. धान्य महाग विकले जाते म्हणून खंड जास्त मिळतो. संकुलातल्या गाळ्याचेही तेच आहे. फाटकाच्या आत दुसरे दुकान नाही, म्हणून चढा भाव मिळतो, आणि चढा भाव मिळणार हे ठाऊक असते, म्हणून चढी बोली लागते. उद्या संघाने उदार होऊन भाडे निम्मे केले तर भाव उतरणार नाहीत, दुकानदाराचा नफा तेवढा वाढेल. भाव उतरेल तो शेजारी दुसरा गाळा निघाला तर.

हे केवळ तर्काने सांगत नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत स्टेपल्स आणि ऑफिस डेपो या दोन कार्यालयीन साहित्याच्या साखळी दुकानांच्या विलीनीकरणाचा खटला चालला. तिथल्या स्पर्धा आयोगाने न्यायालयापुढे शहरनिहाय भाव मांडले. कंपनी तीच, वस्तू त्याच. पण ज्या शहरात स्टेपल्स एकटे होते तिथले भाव, जिथे तिन्ही मोठ्या साखळ्या समोरासमोर होत्या त्या शहरांपेक्षा सुमारे तेरा टक्क्यांनी जास्त निघाले. न्यायालयाने विलीनीकरण रोखले. आपल्या स्पर्धा अधिनियमातही, २००२ च्या कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात, भौगोलिक बाजारपेठ ठरवताना वाहतूक खर्च विचारात घ्यावा असे म्हटले आहे. पण आयोगापुढे येतात ती प्रकरणे मोठी, राज्याच्या किंवा देशाच्या पातळीवरची. भाचीची बाजारपेठ फाटकापासून एक किलोमीटरची आहे. तेवढ्या लहान बाजारपेठेचा विचार आयोग करणार नाही, आणि त्याने करावा अशी अपेक्षाही नाही. तो करायचा कोणी?

याच शहराच्या जुन्या भागात जाऊन पाहा. जयनगर, इंदिरानगर, कोरमंगला या वसाहती सार्वजनिक संस्थांनी आखल्या. प्रत्येकीत बाजारासाठी जागा राखली, व्यापारी संकुल बांधले. जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात आजही दहा भाजीवाले समोरासमोर बसतात आणि गिऱ्हाईक या टोकाकडून त्या टोकाकडे भाव विचारत जाते. व्हाइटफील्डच्या वाट्याला असा आराखडा आला नाही. तिथल्या शेतजमिनी तुकड्या-तुकड्यांनी बिगरशेती झाल्या आणि प्रत्येक विकासकाने आपापल्या भिंतीच्या आतला विचार केला. भिंतीबाहेर बाजार कुठे भरेल, हे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते. हा सारा भाग महानगरपालिकेत आला तो २००७ मध्ये, तोवर बरीचशी वाढ होऊन गेली होती. (आता २०२५ पासून पालिकेचे पाच भाग झाले असून व्हाइटफील्ड पूर्वेकडच्या महानगरपालिकेत आहे.) पुण्याच्या वाचकांनी हे वाचताना हिंजवडी डोळ्यांसमोर आणावी. आयटी पार्क एमआयडीसीचा, वस्ती ग्रामपंचायतींच्या हद्दीत वाढलेली, आणि मंडईची जागा? सापडली तर मला कळवावे.

बेंगळुरूने सभासदत्वाचा आणखी एक प्रकार पाहिला आहे आणि तो आपल्या धोरणाच्या दृष्टीने फार बोधक आहे. जर्मनीच्या मेट्रो कंपनीने २००३ मध्ये आपली भारतातली पहिली घाऊक दालने याच शहरात उघडली. त्यांतले एक यशवंतपूरला, जिथे शहराची मोठी बाजार समितीही आहे. परकी कंपनीला किरकोळ विक्रीची मुभा नव्हती, घाऊक व्यापाराची होती. त्यामुळे आत शिरायला कार्ड लागे आणि कार्ड मिळायला व्यवसायाचा परवाना किंवा कर-नोंदणी दाखवावी लागे. सोल प्राइसच्या वर्गणीने दुकानदाराला ग्राहकाशी बांधले होते. इथले कार्ड कायद्याने मागितले होते आणि ते बांधत कोणालाच नव्हते. ते फक्त दारावर माणसे निवडत होते. शहरातल्या व्यापारी संघटनांचा आक्षेप असा, की या दारातून किरकोळ गिऱ्हाइकेही आत जातात. कोण खरा हॉटेलवाला आणि कोण त्याचा मेहुणा, हे दारावर कोण तपासणार? जो नियम विक्रेत्याच्या आणि ग्राहकाच्या दोघांच्याही हिताविरुद्ध असतो, तो राखण्याची जबाबदारी त्या दोघांवरच सोपवली, की असेच होते. २०१२ मध्ये किरकोळ क्षेत्रात ५१ टक्के परकी गुंतवणुकीला परवानगी मिळाली, तीही दहा लाखांहून अधिक वस्तीची शहरे, शंभर दशलक्ष डॉलरची किमान गुंतवणूक, शिवाय राज्याची संमती अशा अटींसह. फारसे कोणी आले नाही. अखेर मेट्रोने आपला भारतातला व्यवसाय, २१ शहरांतल्या ३१ दालनांसह, २,८५० कोटी रुपयांना रिलायन्सला विकला. डिसेंबर २०२२ मध्ये करार झाला आणि पुढच्या वर्षी हस्तांतर. वीस वर्षे आपण दारावरच्या कार्डावर वाद घातला आणि दार कुठे आहे याची चर्चा जवळजवळ केलीच नाही.

आपल्या महाराष्ट्रात या दोन्ही प्रश्नांना दोन टोकांची उत्तरे मिळाली आहेत आणि दोन्ही मुंबईची. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने दुकानच काढून टाकले. एका इमारतीतली किंवा गल्लीतली काही कुटुंबे मिळून संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, पंचायत घाऊकात खरेदी करते, माल एका सभासदाच्या घरी उतरतो आणि सभासदच तो वाटून घेतात. सभासदत्व आहे, गाळा नाही; त्यामुळे गाळ्याचे भाडेही नाही. ज्यांनी रविवारी सकाळी जिन्यात बसून साखरेच्या पिशव्या मोजल्या आहेत त्यांना ठाऊक आहे, की ही वर्गणी पैशांपेक्षा श्रमाने जास्त भरली जाते. घरातली बाई आणि बाप्या दोघेही नोकरीला जाऊ लागल्यावर हीच वर्गणी सर्वांत महाग झाली. दुसरे टोक डी-मार्टचे. २००२ मध्ये पवईला पहिले दुकान काढणाऱ्या राधाकिशन दमाणी यांनी सभासदत्वाच्या फंदात न पडता जागेचा प्रश्न सोडवला. शक्यतो जागा भाड्याने घ्यायचीच नाही, विकत घ्यायची किंवा दीर्घ मुदतीच्या कराराने, आणि तीही महागड्या मॉलपासून दूर, वाढत्या उपनगरात. दुकाने हळूहळू वाढली, पण घरमालक दरवर्षी येऊन नफ्यातला वाटा मागत नाही.

हे चालले असताना आपले शासन कशाकडे पाहते? छापील कमाल किमतीकडे. १९९० पासून पाकिटावर सर्व करांसह कमाल किंमत छापणे सक्तीचे झाले, आणि २०१८ च्या जानेवारीपासून एकाच वस्तूवर विमानतळासाठी वेगळी आणि गावासाठी वेगळी कमाल किंमत छापायलाही मनाई झाली. हेतू चांगला. मी जिल्ह्यात पुरवठ्याचे काम पाहत असताना वैधमापन निरीक्षकांबरोबर बाजारात फिरत असे; छापील किमतीहून जास्त घेणारा सापडला की दंड होई आणि वर्तमानपत्रात बातमी येई. पण छापील किमतीला विकणाऱ्याला कोणी विचारत नसे, की पलीकडच्या रस्त्यावर हीच वस्तू दहा टक्के कमी किमतीला मिळते, ती तुझ्याकडे का नाही? विचारण्याचा अधिकारही नव्हता आणि असूही नये. कमाल किंमत हे छत आहे. स्पर्धा असलेल्या बाजारात भाव छताच्या बराच खाली राहतो, स्पर्धा नसलेल्या बाजारात तो छताला जाऊन टेकतो. भाचीच्या संकुलातला दुकानदार कायद्याने पूर्ण निर्दोष होता.

त्या दुकानदाराची मक्तेदारी मोडली ती मोबाइलने. दहा-पंधरा मिनिटांत माल आणून देणारी मुले आता दिवसभर फाटकावर रांगेने उभी असतात, आणि आतल्या दुकानाने मुकाट्याने घरपोच सेवा आणि सवलत दोन्ही सुरू केले आहे. याचे स्वागत केले पाहिजे. पण या कंपन्यांची अंधारी गोदामेही, ज्यांना डार्क स्टोअर म्हणतात ती, शेवटी जागाच आहेत. दोन-तीन किलोमीटरच्या वर्तुळात ज्याचे गोदाम, त्याचा माल वेळेत पोहोचणार. ॲप उघडताच ते आधी तुमचा पत्ता विचारते आणि मग भाव दाखवते, हे लक्षात घ्या. पास एकदा विकत घेतला, की माणूस दुसऱ्याच्या भावाकडे पाहायचे थांबतो. सोल प्राइसच्या सभासदाला वर्षाअखेर हिशेब करता येत होता. इथे भाव दर तासाला हलतो, तर बचत कशाशी ताडून पाहायची? २०२४ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने या कंपन्यांच्या तोट्यातल्या विक्रीबद्दल स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. तोट्यात विकणारे सगळेच कायम टिकत नाहीत. वर्तुळात एकच गोदाम उरेल तेव्हा पासची किंमत काय असेल, हा प्रश्न मला त्या तक्रारीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

ताडून पाहण्यासाठी एखादा भाव जवळपास दिसत राहावा लागतो. बेंगळुरूत १९५९ मध्ये स्थापन झालेल्या हॉपकॉम्स या फळे-भाजी उत्पादकांच्या सहकारी संस्थेने ते काम अनेक वर्षे केले. छोटी टपरीवजा केंद्रे आणि शहरभर एकच दरपत्रक. तिथली भाजी सर्वांत स्वस्त असे असे नाही, सर्वांत ताजीही नसे. पण शेजारच्या भाजीवाल्याला तिच्या फळ्यावरच्या आकड्यापासून फार दूर जाता येत नसे. गेल्या काही वर्षांत या केंद्रांची संख्या घटली आहे, आणि त्याबद्दल हळहळणारे बहुतेक लोक केवळ द्राक्षांच्या आठवणी काढतात.

मार्च २०२३ मध्ये मेट्रो रेल्वे व्हाइटफील्डपर्यंत पोहोचली आणि ऑक्टोबरपासून मार्ग सलग झाला. भाची आता महिन्यातून एकदा मॅजेस्टिकला गाडी बदलून के. आर. मार्केटला जाते, नारळ आणि फुले घेऊन येते. ज्या दिवशी ती रेल्वे सुरू झाली त्या दिवशी व्हाइटफीलडच्या किराण्याची बाजारपेठ काही किलोमीटरने रुंदावली, असे मी म्हटले तर वाहतूक खात्यातले माझे मित्र हसतील. पण त्या प्रकल्पाच्या लाभांच्या तक्त्यात ही ओळ असायला हरकत नव्हती.

नगररचनेच्या मंजुरीत आपण रस्त्याची रुंदी पाहतो, वाहनतळ पाहतो, अग्निशमन पाहतो, बागेची टक्केवारी मोजतो. मोठ्या संकुलाच्या आराखड्यात दुकानांचे गाळे किती, ते किती वेगवेगळ्या लोकांकडे जाणार, त्यांतले निदान काही बाहेरच्या रस्त्याकडे तोंड करून आहेत का, हे विचारणारा रकाना असावा असे मी सुचवेन. पालिकेच्या मंडईतले गाळे सर्वांत चढ्या बोलीला देऊन महसूल वाढल्याची टिपणी दर अंदाजपत्रकात अभिमानाने येते. तिच्या शेजारी त्याच मंडईत गाळे किती वाढले, हा आकडाही यावा. पाचशे सदनिकांमागे एका मालकाचे एक दुकान असेल तर आराखडा परत पाठवायला एक ओळीचा शेरा पुरेसा आहे, आणि तो शेरा मारण्याचा अधिकार नियमावलीत आणायला नवा कायदा लागत नाही, सध्याच्या नगररचना कायद्याखालची अधिसूचना पुरते.